निमग्नकारी माध्यम तंत्रज्ञान

निमग्नकारी माध्यम तंत्रज्ञान म्हणजे चित्र, ध्वनी आणि काही वेळा स्पर्श यांच्या योगे माणसाला एखाद्या दृश्याच्या आत वावरत असल्याचा अनुभव देणाऱ्या तंत्रांचा समूह होय. नेहमीच्या चित्रपटात वा दूरचित्रवाणीवर दृश्याला चौकट असते आणि प्रेक्षक त्या चौकटीबाहेर बसून ते पाहतो. निमग्नकारी माध्यमांत ही चौकट नाहीशी होते किंवा प्रेक्षकाच्या भोवतालच्या जगातच मिसळून जाते. आभासी वास्तव, संवर्धित वास्तव, मिश्र वास्तव, ३६० अंशी चित्रफीत आणि घुमटाकार वा भिंतींवरील प्रक्षेपण हे या समूहातील प्रमुख प्रकार आहेत. या सर्वांना मिळून ‘विस्तारित वास्तव’ अशी संज्ञा वापरतात.

हे प्रकार वरवर सारखे दिसतात. जाहिरातींत व वृत्तांत त्यांची नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. प्रत्यक्षात त्यांची रचना, उपयोग आणि धोके निरनिराळे आहेत. एका प्रकारात माणसाचा भोवतालच्या जगाशी असलेला दृष्टिसंबंध पूर्णपणे तुटतो, तर दुसऱ्यात तो टिकून राहणे हीच अट असते. शाळा, रुग्णालय वा संग्रहालय यांपैकी कोणीही हे साधन निवडताना हा भेद जाणून घेणे आवश्यक ठरते.

## संज्ञा व परिभाषा

‘इमर्सिव्ह’ या इंग्रजी विशेषणाचा मूळ अर्थ ‘बुडवून टाकणारे’ असा आहे. मराठीत ‘विसर्जन’ हा शब्द धार्मिक विधीशी जोडलेला असल्याने या लेखात ‘निमग्न’ या शब्दावरून साधलेले ‘निमग्नकारी’ हे विशेषण योजले आहे. बोलण्यात मात्र ‘व्हीआर’, ‘एआर’, ‘एमआर’ आणि ‘एक्सआर’ ही आद्याक्षरी रूपेच रूढ आहेत.

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’साठी मराठीत ‘आभासी वास्तव’ हा पर्याय स्थिरावला आहे. येथे अर्थाचा एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. इंग्रजीतील ‘व्हर्च्युअल’ म्हणजे जे नावाने वा रूपाने तसे नसले तरी परिणामाने तसेच आहे ते. मराठीतील ‘आभास’ या शब्दात भ्रमाची, खोटेपणाची छटा अधिक आहे. शालेय भौतिकशास्त्रात मात्र ‘आभासी प्रतिमा’ हा शब्द काटेकोर अर्थाने येतो. आरशातील प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, तरी डोळ्याला ती ठरावीक अंतरावर निश्चितपणे दिसते. ‘आभासी वास्तव’ यातील ‘आभासी’ हा शब्द त्याच अर्थाने घेतल्यास गैरसमज टळतो. अनुभव देणारी वस्तू जागेवर नसते, पण अनुभव खरा असतो.

‘ऑगमेंटेड रिॲलिटी’साठी ‘संवर्धित वास्तव’ आणि ‘एक्स्टेंडेड रिॲलिटी’साठी ‘विस्तारित वास्तव’ हे पर्याय आहेत. ‘संवर्धित’ आणि ‘विस्तारित’ हे शब्द अर्थाने जवळचे असल्यामुळे त्यांची अदलाबदल होते. संवर्धित वास्तव हा एक विशिष्ट प्रकार आहे, तर विस्तारित वास्तव हे सर्व प्रकारांचे एकत्रित नाव आहे.

‘निमग्नता’ आणि ‘उपस्थितीचा प्रत्यय’ यांतही भेद केला जातो. संशोधक मेल स्लेटर यांच्या मांडणीनुसार निमग्नता हा यंत्रणेचा गुण आहे. दृष्टिक्षेत्र किती रुंद आहे, हालचालीला चित्र किती लवकर प्रतिसाद देते, ध्वनी कोणत्या दिशेने येतो या गोष्टी मोजता येतात. आपण तेथे आहोत असे वाटणे हा मात्र वापरणाऱ्याच्या मनाचा अनुभव आहे. एकाच यंत्रणेत दोन व्यक्तींना तो कमीअधिक येऊ शकतो. उत्तम कादंबरीत वाचक रंगून जातो, ती तल्लीनता या दोहोंहून वेगळी होय.

## वर्गीकरणाचे निकष

एखादे साधन वा अनुभव कोणत्या प्रकारात मोडतो हे ठरवण्यासाठी पुढील चार प्रश्न उपयोगी पडतात.

१. भोवतालचे खरे जग दिसते काय? ते पूर्णपणे झाकले गेले असेल तर आभासी वास्तव किंवा ३६० अंशी चित्रफीत, आणि दिसत असेल तर संवर्धित वा मिश्र वास्तव.

२. कोणत्या हालचालींना प्रतिसाद मिळतो? डोके तीन प्रकारे फिरते : मान डावी-उजवीकडे वळते, वर-खाली होते आणि खांद्याकडे कलते. शरीर आणखी तीन प्रकारे सरकते : पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली. केवळ पहिल्या तीन हालचाली ओळखणारी यंत्रणा ‘तीन मुक्तता-मात्रां’ची, तर सहाही ओळखणारी ‘सहा मुक्तता-मात्रां’ची म्हटली जाते. पहिल्या प्रकारात मनुष्य एका जागी खिळलेला असतो आणि तेथून चहूकडे पाहू शकतो. दुसऱ्या प्रकारात तो वाकून टेबलाखाली पाहू शकतो किंवा खांबाला वळसा घालू शकतो.

३. आशय चित्रित केलेला आहे की संगणकाने त्या क्षणी घडवलेला? चित्रित दृश्य कॅमेऱ्याच्या जागेवरूनच दिसते. संगणकाने घडवलेले दृश्य पाहणाऱ्याच्या जागेनुसार सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखाटले जाते.

४. कृत्रिम वस्तू खऱ्या जागेशी बांधलेली आहे काय? खऱ्या टेबलावर ठेवलेला आभासी चेंडू आपण चालत दुसऱ्या बाजूस गेल्यावरही टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर दिसला पाहिजे. या जुळणीला ‘स्थाननिश्चिती’ म्हणता येईल. संवर्धित वास्तवाचा हा कणा आहे.

## प्रमुख प्रकार

### ३६० अंशी चित्रफीत

अनेक भिंगे असलेल्या कॅमेऱ्याने एकाच वेळी चहूबाजूंचे चित्रण करून ते संगणकाद्वारे सांधले जाते. पृथ्वीच्या गोलाचा सपाट नकाशा करावा त्याप्रमाणे हे गोलाकार दृश्य आयताकृती पटावर साठवतात आणि पाहताना पुन्हा गोलाच्या आतील पृष्ठभागावर पसरतात. म्हणूनच अशी चित्रफीत साध्या पडद्यावर पाहिल्यास वरच्या व खालच्या कडा नकाशातील ध्रुवप्रदेशाप्रमाणे ताणलेल्या दिसतात.

प्रेक्षक मान वळवून कोठेही पाहू शकतो, पण एक पाऊल पुढे टाकले तरी दृश्य त्याच्याबरोबर पुढे सरकते. दृश्यातील वस्तू उचलता येत नाहीत. वृत्तपट, पर्यटन आणि स्थळदर्शन यांसाठी हे माध्यम सोयीचे व तुलनेने स्वस्त आहे. हेडसेटमध्ये पाहता येत असल्यामुळे त्यास अनेकदा आभासी वास्तव म्हटले जाते. काटेकोर व्याख्येनुसार परस्पर प्रतिसादाचा अभाव असल्याने ते त्याचे मर्यादित रूप ठरते.

### आभासी वास्तव

यात वापरणाऱ्याचे डोळे हेडसेटने झाकले जातात. प्रत्येक डोळ्यासमोर किंचित वेगळ्या कोनातून घेतलेले चित्र असते. मेंदू दोन्ही चित्रे एकत्र करून खोलीची जाणीव निर्माण करतो. हेडसेटमधील त्वरणमापी व घूर्णदर्शी हे संवेदक डोक्याचे फिरणे टिपतात आणि कॅमेरे भोवतालच्या खोलीच्या तुलनेत त्याचे सरकणे मोजतात. पूर्वी हे काम खोलीत बसवलेल्या बाह्य उपकरणांकडे असे. अलीकडील हेडसेटमध्ये कॅमेरे हेडसेटवरच असतात.

डोके हलणे आणि चित्र बदलणे यांत पडणारा विलंब सुमारे २० मिलिसेकंदांहून कमी ठेवण्याचा प्रयत्न असतो. चित्र सेकंदाला साधारणतः ७२ ते १२० वेळा नव्याने दाखवले जाते. विलंब वाढला की दृश्य डोक्यामागून फरपटत आल्यासारखे वाटते आणि अनेकांना मळमळू लागते. दिशादर्शक ध्वनीसाठी दोन्ही कानांत आवाज पोहोचण्याच्या वेळेतील व तीव्रतेतील सूक्ष्म फरकाची नक्कल केली जाते. हातातील नियंत्रक कंप पावून स्पर्शाचा मर्यादित अनुभव देतात.

### संवर्धित वास्तव

यात खरे जग दिसत राहते आणि त्यावर संगणकनिर्मित चित्र, अक्षरे वा आकृत्या चढवल्या जातात. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात संवर्धित वास्तवाची तीन लक्षणे सांगितली : खरे व आभासी यांचा संयोग, तत्क्षणी परस्पर प्रतिसाद आणि तिन्ही मितींतील स्थाननिश्चिती. ही व्याख्या आजही आधारभूत मानली जाते. तिच्यात विशिष्ट साधनाची अट नाही. त्यामुळे भ्रमणध्वनी, चष्मा वा प्रक्षेपक यांपैकी कोणत्याही साधनाने संवर्धित वास्तव साधता येते.

चष्म्यासारख्या साधनांत दोन पद्धती आहेत. पहिलीत पारदर्शक काचेतून खरे जग थेट दिसते आणि तिच्यावरच प्रकाशाची आकृती परावर्तित केली जाते. येथे प्रकाश केवळ मिळवता येतो, वजा करता येत नाही. म्हणून काळ्या रंगाची आभासी वस्तू दाखवणे कठीण असते आणि कडक उन्हात आकृत्या फिक्या पडतात. दुसऱ्या पद्धतीत बंद हेडसेटवरील कॅमेरे बाहेरचे दृश्य टिपून आतील पडद्यावर दाखवतात आणि त्यातच आभासी वस्तू मिसळतात. यात वस्तू भरीव दिसतात. मात्र खरे जगही चित्ररूपानेच दिसत असल्याने यंत्र बंद पडताच डोळ्यांपुढे अंधार होतो.

### मिश्र वास्तव

या संज्ञेचे दोन अर्थ प्रचलित आहेत आणि बहुतेक गोंधळ येथूनच उद्भवतो. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ च्या निबंधात खरे जग आणि पूर्ण आभासी जग ही दोन टोके मानून त्यांमध्ये एक अखंड पट्टा कल्पिला. दोन टोकांच्या मधल्या सर्व अवस्थांना त्यांनी ‘मिश्र वास्तव’ म्हटले. या अर्थाने संवर्धित वास्तव हा मिश्र वास्तवाचाच एक भाग आहे. खऱ्या जगाकडील बाजूस संवर्धित वास्तव येते, तर आभासी जगाकडील बाजूस ‘संवर्धित आभास’ येतो. संगणकनिर्मित दृश्यात खऱ्या माणसाची जिवंत प्रतिमा बसवणे हे त्याचे उदाहरण होय.

पुढे उद्योगक्षेत्राने या संज्ञेचा अर्थ संकुचित केला. भोवतालच्या खोलीचा आकार यंत्राला कळतो, आभासी वस्तू खऱ्या वस्तूंच्या आड जातात, त्यांवर टेकतात आणि हाताने हलवता येतात, अशा प्रगत संवर्धित वास्तवास मिश्र वास्तव म्हटले जाऊ लागले. २०१७ मध्ये ‘विंडोज मिक्स्ड रिॲलिटी’ या नावाने विक्रीस आलेले हेडसेट तर बाहेरचे जग पूर्ण झाकणारे, म्हणजे आभासी वास्तवाचेच होते. त्यामुळे हा शब्द वाचताना तो कोणत्या अर्थाने आला आहे हे संदर्भावरून पाहावे लागते.

### प्रक्षेपणाधारित निमग्नता

डोक्यावर बंद हेडसेट न चढवता संपूर्ण खोलीच दृश्यमय करण्याची ही पद्धत आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील शाखेत कॅरोलिना क्रूझ-नेरा, डॅनियल सँडिन आणि टॉमस डिफँटी यांनी १९९२ मध्ये सादर केलेली ‘केव्ह’ ही यंत्रणा प्रसिद्ध आहे. तिच्यात खोलीच्या भिंतींवर व जमिनीवर प्रक्षेपण होते आणि पाहणाऱ्याचे डोके ज्या ठिकाणी असेल त्यानुसार दृश्य बदलते. अनेक व्यक्ती एकत्र उभ्या राहू शकतात आणि त्यांना स्वतःचे हातपाय व एकमेकांचे चेहरे दिसतात. मात्र दृश्य एकाच व्यक्तीच्या नजरेनुसार अचूक असते. तारांगणातील घुमट हा याच कुळातील जुना आणि सर्वाधिक परिचित प्रकार आहे. त्यात प्रेक्षकाच्या हालचालीला प्रतिसाद नसतो.

## तुलनात्मक तक्ता

| प्रकार | खरे जग दिसते काय | आशयाचा उगम | चालण्या-सरकण्याला प्रतिसाद | नेहमीचे साधन |
|---|---|---|---|---|
| ३६० अंशी चित्रफीत | नाही (हेडसेटमध्ये पाहिल्यास) | कॅमेऱ्याचे चित्रण | नाही | भ्रमणध्वनी, हेडसेट |
| आभासी वास्तव | नाही | संगणकनिर्मित | बहुधा आहे | बंद हेडसेट |
| संवर्धित वास्तव | होय | खरे जग व त्यावर संगणकनिर्मित भर | आहे | भ्रमणध्वनी, चष्मा |
| मिश्र वास्तव (संकुचित अर्थ) | होय | दोहोंचा परस्परसंबंधित मेळ | आहे | खोली ओळखणारा हेडसेट |
| केव्ह यंत्रणा | अंशतः | संगणकनिर्मित | आहे, एका व्यक्तीपुरता | प्रक्षेपकांची खोली |
| तारांगण-घुमट | अंशतः | प्रक्षेपक वा चित्रण | नाही | घुमट |

## एका विषयावरून भेदाचे स्पष्टीकरण

मानवी हृदय शिकवायचे आहे असे मानल्यास प्रत्येक प्रकाराचे वेगळेपण स्पष्ट होते. ३६० अंशी चित्रफितीत विद्यार्थी शस्त्रक्रियागृहात उभा असल्याप्रमाणे चहूकडे पाहतो. शल्यचिकित्सक कोण, भूलतज्ज्ञ कोठे उभा आहे हे त्याला दिसते, पण रुग्णाजवळ जाऊन वाकून पाहता येत नाही. आभासी वास्तवात हृदयच खोलीएवढे करता येते आणि विद्यार्थी कर्णिकेतून जवनिकेत उतरून झडपांची उघडझाप आतून पाहतो, मात्र शेजारी बसलेला वर्गमित्र त्याला दिसत नाही. भ्रमणध्वनीवरील संवर्धित वास्तवात पुस्तकाच्या पानावर कॅमेरा धरताच धडधडणारे हृदय पानावर उभे राहते. मिश्र वास्तवात ते हृदय टेबलावर स्थिर असते, अनेक विद्यार्थी भोवती उभे राहून एकच आकृती आपापल्या बाजूने पाहतात, आणि शिक्षकाने दाखवलेली रक्तवाहिनी सर्वांना त्याच ठिकाणी दिसते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने होलोलेन्स या साधनावर शरीररचनाशास्त्राचे शिक्षण याच पद्धतीने सुरू केले.

यावरून एक सामान्य नियम काढता येतो. प्रसंग दाखवायचा असेल तर चित्रफीत, जेथे जाणे अशक्य वा धोक्याचे आहे तेथे न्यायचे असेल तर आभासी वास्तव, आणि हातातील खऱ्या कामाला माहितीची जोड द्यायची असेल तर संवर्धित वास्तव अधिक योग्य ठरते.

## इतिहास

भोवती पसरलेल्या दृश्याची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. रॉबर्ट बार्कर यांनी १७८७ मध्ये वर्तुळाकार चित्राचे एकस्व घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी खास इमारत उघडली. ‘पॅनोरामा’ हा शब्द या चित्रप्रकारासाठीच घडवला गेला. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये त्रिमितिदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन डोळ्यांना दोन किंचित भिन्न चित्रे दाखवल्यास खोलीचा भास होतो हे त्यांनी सिद्ध केले. आजच्या प्रत्येक हेडसेटचा पाया हेच तत्त्व आहे. १९३९ मध्ये बाजारात आलेले आणि नंतर घरोघरच्या मुलांच्या हाती पोहोचलेले ‘व्ह्यू-मास्टर’ हे खेळणेही याच तत्त्वावर चाले.

छायाचित्रकार मॉर्टन हायलिग यांनी १९६२ मध्ये ‘सेन्सोरामा’ या यंत्राचे एकस्व मिळवले. त्यात त्रिमिती चित्र, ध्वनी, वारा, गंध आणि हलणारे आसन यांची योजना होती. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी संगणकाशी जोडलेले डोक्यावरील दृश्यसाधन तयार केले. डोक्याचा मागोवा घेणारी त्याची यांत्रिक भुजा छताला टांगलेली होती. त्यात खोलीतील खऱ्या वस्तूही दिसत आणि त्यांवर साध्या रेषाकृती तरंगत. त्यामुळे आभासी वास्तवाचा आरंभ म्हणून सांगितले जाणारे हे साधन रचनेने संवर्धित वास्तवाच्या अधिक जवळ होते.

‘आभासी वास्तव’ ही संज्ञा १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर आणि त्यांच्या व्हीपीएल रिसर्च या संस्थेमुळे प्रचारात आली. फ्रेंच नाटककार आंतोनँ आर्तो यांनी रंगभूमीच्या संदर्भात हाच शब्दप्रयोग १९३८ मध्ये केला होता. ‘संवर्धित वास्तव’ ही संज्ञा विमानबांधणीतून आली. बोईंगमधील टॉमस कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी विमानातील तारांच्या जोडणीचे आराखडे कामगाराच्या डोळ्यांसमोरच दिसावेत यासाठी केलेल्या यंत्रणेवरील निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये निन्टेन्डोने आणलेला लाल-काळ्या चित्रांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ अयशस्वी ठरला आणि सामान्य ग्राहकांतील उत्साह काही काळ ओसरला.

भ्रमणध्वनींमुळे लहान पडदे व संवेदक स्वस्त झाले आणि दुसरी लाट आली. २०१२ मध्ये ऑक्युलसच्या हेडसेटसाठी लोकांकडून निधी उभारला गेला आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ दर्शक सादर केला. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि प्लेस्टेशन व्हीआर हे हेडसेट ग्राहकांसाठी बाजारात आले. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्सही त्याच वर्षी तंत्रज्ञांना उपलब्ध झाला आणि ‘पोकेमॉन गो’ या खेळाने संवर्धित वास्तव हा शब्द जगभर पोहोचवला. ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत विक्रीस आला. असे नवे हेडसेट एकाच साधनात खरे जग दाखवणे व झाकणे या दोन्ही गोष्टी करतात, त्यामुळे भेद साधनांत उरला नसून वापराच्या पद्धतीत उरला आहे.

## भारतातील वाटचाल

घुमटातील निमग्नतेची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील कुसुमबाई मोतीचंद तारांगण १९५४ मध्ये सुरू झाले, तर मुंबईतील वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये खुले झाले. ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा १९८४ चा मल्याळम चित्रपट भारतातील पहिला त्रिमिती चित्रपट होय. त्याची हिंदी आवृत्ती ‘छोटा चेतन’ या नावाने गाजली. ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरमध्ये आला.

## प्रचलित गैरसमज

त्रिमिती चित्रपट आणि आभासी वास्तव. त्रिमिती चित्रपटात खोली दिसते, पण चौकट कायम असते आणि मान वळवताच चित्रपटगृहाची भिंत दिसते. खोलीचा भास हा निमग्नतेचा एक घटक आहे, निमग्नता नव्हे.

डोळ्यांसमोरची माहिती आणि संवर्धित वास्तव. २०१३ मध्ये चाचणीसाठी उपलब्ध झालेला ‘गूगल ग्लास’ डोळ्याच्या कोपऱ्यात छोटा पडदा दाखवत असे. त्यावरील मजकूर समोरच्या वस्तूंशी बांधलेला नसल्याने अझुमा यांच्या व्याख्येत तो पूर्णपणे बसत नाही. ‘पोकेमॉन गो’मधील प्राणीही आरंभी कॅमेऱ्याच्या चित्रावर नुसते चढवलेले असत. जमिनीशी त्यांची जुळणी नंतर आली.

होलोग्राम. रंगमंचावर दिसणाऱ्या दिवंगत गायकांच्या वा दूरस्थ वक्त्यांच्या आकृत्यांना वृत्तपत्रे ‘होलोग्राम’ म्हणतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीतील प्रचारसभांतही हे तंत्र वापरले गेले. प्रत्यक्षात हे लंडनमध्ये १८६२ मध्ये गाजलेल्या ‘पेपर्स घोस्ट’ या युक्तीचे नवे रूप आहे. तिरप्या पारदर्शक पृष्ठभागावर सपाट प्रतिमा परावर्तित केली जाते. खरे होलोग्राम प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाची नोंद करतात. त्या तत्त्वाच्या शोधाबद्दल डेनिस गॅबर यांना १९७१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेटाव्हर्स. हे सामायिक आभासी जगाच्या कल्पनेचे नाव आहे, दृश्यसाधनाचे नव्हे. अशा जगात साध्या संगणकावरूनही प्रवेश करता येतो.

## उपयोग

वैमानिक, शल्यचिकित्सक आणि अग्निशमन दलातील जवान यांच्या प्रशिक्षणासाठी आभासी वास्तव वापरले जाते, कारण येथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागत नाही. उंचीच्या भीतीवर टप्प्याटप्प्याने उपचार करण्यासाठी त्याचा वापर १९९० च्या दशकापासून होत आहे. भाजलेल्या रुग्णांचे लक्ष मलमपट्टीच्या वेदनेवरून वळवण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठात ‘स्नोवर्ल्ड’ नावाचे बर्फाळ आभासी जग तयार करण्यात आले. संवर्धित वास्तव यंत्रजुळणी, दुरुस्ती, शस्त्रक्रियेतील मार्गदर्शन आणि क्रीडा-प्रक्षेपणात उपयोगी पडते. ऑलिंपिक जलतरणाच्या प्रक्षेपणात पाण्यावर सरकणारी विश्वविक्रमाची रेषा हे त्याचे सर्वपरिचित जवळचे रूप होय.

## मर्यादा व धोके

शारीरिक त्रास. आभासी वास्तवात डोळे ‘आपण चालत आहोत’ असे सांगतात, तर अंतर्कर्णातील तोलेंद्रिय ‘आपण स्थिर आहोत’ असे कळवते. या विसंगतीमुळे मळमळ, घाम व चक्कर येते. घाटात गाडी लागण्याचे कारणही हेच असले तरी तेथे उलट घडते, शरीराला गती जाणवते आणि गाडीच्या आत पाहणाऱ्या डोळ्यांना ती दिसत नाही. दुसरा ताण डोळ्यांवर पडतो. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि नेत्रभिंगही त्याच अंतरावर केंद्रित होते. बहुतेक हेडसेटमध्ये मात्र प्रतिमा एकाच ठरावीक अंतरावर असल्याने डोळे एका अंतरावर वळतात आणि भिंग दुसऱ्याच अंतरावर स्थिरावते. दीर्घ वापरात त्यामुळे डोळे व डोके दुखते. संवर्धित वास्तवात मळमळ तुलनेने कमी होते, कारण डोळ्यांना खऱ्या जगाचा आधार असतो.

अपघात. बंद हेडसेट घातलेली व्यक्ती भिंतीवर वा वस्तूंवर आदळू शकते. भ्रमणध्वनीवरील संवर्धित वास्तवात धोका वेगळा आहे. खरे जग दिसत असते, पण लक्ष पडद्यावर खिळलेले असते आणि पाय रस्त्यावर असतात.

मुले. वाढीच्या वयातील डोळ्यांचा विचार करून उत्पादकांनी किमान वय ठरवले आहे. मेटाने आपल्या हेडसेटसाठीचे किमान वय २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीच्या अटीवर १३ वरून १० वर आणले.

खासगीपणा. ही साधने डोक्याची व हातांची हालचाल सतत नोंदवतात आणि काही साधने नजरेचा रोखही टिपतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नास हजारांहून अधिक वापरणाऱ्यांमधून एखादी व्यक्ती केवळ १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता आली. म्हणजे नाव न देताही मनुष्याची चालढाल त्याची ओळख सांगते. मिश्र वास्तवात भर अशी की घराच्या अंतर्भागाचा आणि समोर असलेल्या, संमती न दिलेल्या माणसांचाही मागोवा घेतला जातो. भारतातील डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. शाळांतील वापराच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

खर्च आणि आशय. हेडसेट खरेदी केल्याने अभ्यासक्रम तयार होत नाही. तीन मुक्तता-मात्रांचा दर्शक घेऊन त्यावर परस्पर प्रतिसादाचे प्रयोग चालतील अशी अपेक्षा ठेवल्यास निराशा होते. मराठी निवेदन असलेला आशय मोजका असल्याने साधनापूर्वी आशयाची उपलब्धता पाहणे हिताचे ठरते.

## हेही पहा

* आभासी वास्तव
* संवर्धित वास्तव
* त्रिमितिदर्शक
* होलोग्राफी
* तारांगण
* मानवी दृष्टी